अटॅक ऑन टायटनचा शेवट पडद्यावर सुधारला का? (स्पॉयलरच स्पॉयलर)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. इथे अ‍ॅनिमेवर धागा निघाला की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात "या वयात कार्टून?" येतं आणि गाडी तिथेच रुतते. ज्यांना तो प्रतिसाद द्यायचाय त्यांनी आधीच देऊन टाका, म्हणजे बाकीच्यांना पुढे जाता येईल.

ज्यांनी अटॅक ऑन टायटन शेवटपर्यंत पाहिलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा. खाली सगळं फोडलेलं आहे.

मी मूळचा मांगावाला, म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारा. हाजिमे इसायामाची ही मांगा कोदांशाच्या 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन'मध्ये सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये १३९व्या प्रकरणावर संपली. ते शेवटचं प्रकरण वाचून मी इतका वैतागलो होतो की मित्रांशी त्या विषयावर बोलणंच टाकलं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅनिमेचा शेवटचा विशेष भाग आला, जवळजवळ दीड तासाचा. 'एकदाचं उरकून टाकू' म्हणून लावला आणि नामावली संपेपर्यंत जागचा हललो नाही.

कथा तीच: भिंतींआड राहणारी माणसं, त्यांना खाणारे टायटन नावाचे राक्षस, नायक एरेन आणि त्याचे बालपणीचे सोबती मिकासा, आर्मिन. मरणारे तेच, वाचणारे तेच, मिकासा एरेनचं डोकं उडवते तेही तसंच. तरी जे मांगात घशाखाली उतरत नव्हतं ते इथे उतरलं.

मोठा बदल एकच दिसला, एरेन आणि आर्मिनच्या शेवटच्या बोलण्यात. मांगात एरेनने जगातली ८० टक्के माणसं चिरडल्यावर आर्मिन त्याचे चक्क आभार मानतो, आमच्यासाठी तू खुनी झालास म्हणून. अ‍ॅनिमेत ते आभार गेले. त्याऐवजी आर्मिन म्हणतो की भिंतीबाहेरच्या जगाचं वेड तुझ्या डोक्यात मीच भरवलं, या पापात मीही वाटेकरी, नरकात बरोबरच जाऊ.

तर प्रश्न असा: एवढ्याशा बदलाने शेवट खरंच सुधारला का? की आवाज आणि संगीताने आपल्याला गुंडाळलं?

कडीपत्ता_०७
या वयात कार्टून?
(घ्या, देऊन टाकला. चालू द्या आता. पॉपकॉर्न आणतो.)

एरंडाचं_गुऱ्हाळ
गुंडाळलं. सरळसरळ गुंडाळलं.

एका संवादाची डागडुजी करून घराचा पाया बदलत नाही हो. मूळ रोग तसाच आहे. दोन हजार वर्षं यमिर, म्हणजे सगळ्यात पहिली टायटन, गुलामीत का राहिली, तर म्हणे तिचं त्या फ्रिट्झ राजावर प्रेम होतं. ज्याने तिची जीभ कापली, तिच्या मृतदेहाचं मांस तिच्याच मुलींना खायला लावलं, त्या माणसावर! आणि तिची सुटका कशाने होते, तर मिकासाने एरेनला मारलेलं बघून. हे धागेदोरे आधी कुठे विणले होते? मिकासा आणि यमिर यांचा काडीचा संबंध तोवर दाखवलेला नव्हता.

दुसरं म्हणजे एरेन. शेवटच्या सीझनभर हा माणूस दगडासारखा बसलाय. त्याला आवाज देणाऱ्या युकी काजीने सुद्धा आधीची आरडाओरड सोडून असा सपाट, खालचा सूर लावलाय की अंगावर काटा येतो. आणि शेवटी तोच एरेन "मिकासाने दुसरा कुणी शोधू नये, निदान दहा वर्षं तरी माझ्यासाठी रडावं" म्हणून जमिनीवर लोळतो. मला तिथे हसू आलं. येऊ नये तिथे आलं.

टंकाळा
+१ गुऱ्हाळ. आणि हिस्टोरिया? राणी होती ना ती? शेवटच्या सीझनभर खुर्चीत बसवून ठेवलीय बिचारीला.

रात्रपाळी
@गुऱ्हाळ, तो लोळण्याचा प्रसंगच तर मला पटला. एरेन १९ वर्षांचा आहे. दगडासारखा बसलेला एरेन हे सोंग होतं, आतला पोरगा तोच. सोंग उतरल्यावर तो पोरासारखाच बोलणार. आपण चार वर्षं त्याला कोणी महापुरुष समजत होतो.

हिस्टोरियाबद्दल मात्र बोलायची सोय नाही. सहमत.

खडूफळा
शेवटावर बोलायच्या आधी 'शेवटचा सीझन' या प्रकारावर बोलू या का? डिसेंबर २०२० ला 'द फायनल सीझन' सुरू झाला, १६ भाग. मग जानेवारी २०२२ ला 'फायनल सीझन पार्ट २', १२ भाग. मग मार्च २०२३ ला 'फायनल चॅप्टर्स स्पेशल १'. मग नोव्हेंबर २०२३ ला 'स्पेशल २'. आपल्याकडे नाटकाचे 'शेवटचे तीन प्रयोग' वर्षभर चालतात, हे तीन वर्षं चालले.

गंमत म्हणजे पहिला तुकडा मार्च २०२१ च्या अखेरीस संपला आणि दहा-बारा दिवसांत मांगाच संपली. म्हणजे त्यानंतर अडीच वर्षं अर्ध्या जगाला शेवट माहीत होता आणि उरलेलं अर्धं जग कानावर हात ठेवून फिरत होतं.

कडीपत्ता_०७
मी कानावर हात ठेवणाऱ्यांतला. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लाल मफलर घातलेला पक्षी टाकला आणि खाली लिहिलं "ज्यांना कळलं त्यांना कळलं". मला कळलं नाही, पण काहीतरी कळायचं आहे एवढं कळलं. त्याला अजून माफ केलेलं नाही.

सोनचाफा
मी इथे बहुधा वयाने सगळ्यात मोठी. मुलाबरोबर बघायला बसले, तो नववीत होता तेव्हा. काय बघतो ते कळावं हा हेतू. पहिल्याच भागात आईला राक्षस उचलून खातो आणि मुलगा लांबून बघतो, हे दाखवल्यावर मी टीव्ही बंद करायला उठले होते. नंतर त्याचा अभ्यास सुरू झाला, त्याचं बघणं मागे पडलं आणि माझं मात्र सुटेना.

तुम्ही सगळे शेवटच्या दहा मिनिटांवर भांडताय, पण माझ्या मते शेवटच्या सीझनचं खरं मर्म त्या हॉटेलातल्या प्रसंगात आहे. निकोलो हा शत्रूचा कैदी, स्वयंपाकी. एरेनची सोबतीण साशा गेल्यावर तिच्या आईवडिलांना आपल्या हातचं जेवण घालायचं म्हणून त्याने बोलावलेलं असतं. त्यांच्यासोबत त्यांनी आसरा दिलेली दोन अनोळखी मुलं, गाबी आणि फाल्को. तळघरात निकोलोला कळतं की साशाला गोळी घालणारी मुलगी हीच. तो बाटली उगारतो, फाल्को मध्ये येतो आणि त्याच्या डोक्यावर ती फुटते. मग निकोलो गाबीला फरफटत टेबलापाशी आणतो आणि साशाच्या बापाच्या हातात सुरी देतो. म्हणतो, तुमच्या लेकीला हिने मारलं.

तो बाप सुरी हातात धरून बसतो. बराच वेळ. मग जे बोलतो ते असं काहीसं, की साशाला मी रानात शिकार करायला शिकवलं, पुढे रानाबाहेर पाठवलं, पण बाहेरचं जग म्हणजे आणखी मोठं रान निघालं. ती तिथे जाऊन माणसं मारत होती आणि तिला कुणीतरी मारलं. हे ओझं आम्हा मोठ्यांचं, पोरांना या रानात सोडता कामा नये. आणि सुरी बाजूला ठेवतो.

मला शेवट नकोच होता यापुढे. इथेच थांबवलं असतं तरी चाललं असतं.

आता एका गोष्टीवर मात्र माझा संताप आहे. शेवटी एरेन सांगतो की त्या दिवशी बेर्टोल्टला सोडून डायना राक्षसिणीला आपल्या घराकडे त्यानेच वळवलं. म्हणजे स्वतःच्या आईला त्यानेच मारवलं! आणि आर्मिन ऐकून घेतो? आमच्या घरात त्या रात्री जेवताना यावर भांडण झालं. मुलगा म्हणे, "आई, ती टाइमलाइन आहे." मी म्हटलं, टाइमलाइन गेली चुलीत.

टंकाळा
"टाइमलाइन गेली चुलीत" याला माझे शंभर मोदक.

दिवटा
काकू, हॉटेलाच्या प्रसंगाबद्दल पूर्ण अनुमोदन. त्या भागात काया गाबीवर सुरी घेऊन धावते तो क्षण विसरलात, त्यानेच वर्तुळ पुरं होतं.

आता थोडं तांत्रिक. पहिले तीन सीझन विट स्टुडिओचे. विट २०१२ मध्ये निघाला आणि ही त्यांची पहिलीच टीव्ही मालिका, २०१३ ची. शेवटच्या सीझनला काम माप्पाकडे गेलं, दिग्दर्शन युइचिरो हायाशी यांच्याकडे, ज्यांनी त्याआधी माप्पासाठीच 'दोरोहेदोरो' केलं होतं. पटकथा यासुको कोबायाशी यांच्याकडून हिरोशी सेको यांच्याकडे गेली. संगीतात हिरोयुकी सावानोंच्या जोडीला कोहता यामामोतो आले. म्हणजे जवळपास अख्खं घर बदललं, पाटी तीच राहिली.

लोकांनी तेव्हा टायटन संगणकावर बनवले म्हणून केवढा गहजब केला होता! विटच्या काळात अरिफुमी इमाईने हाताने काढलेली लिवाय या सैनिकाची हाणामारी ज्यांनी पाहिली होती त्यांना ते खटकणारच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शेवटच्या सीझनमध्ये भिंतीतले हजारो महाटायटन एका रांगेत चालताना दाखवायचे होते. ते हाताने काढायला बसले असते तर आपण अजून वाट बघत असतो.

उलट चेहऱ्यांमध्ये माप्पाची रेघ इसायामाच्या जास्त जवळची आहे. विटची पात्रं देखणी होती. माप्पाचा रायनर (शत्रूकडचा सैनिक) बघा: खंगलेला, डोळ्यांखाली काळं, बंदूक तोंडात घालून बसलेला. तो प्रसंग जाड रेघांच्या देखण्या चेहऱ्याला झेपला नसता.

एरंडाचं_गुऱ्हाळ
दिवटासाहेब, माप्पाचं कौतुक करताना त्यांच्या वेळापत्रकाचंही सांगा. २०२३ मध्ये 'जुजुत्सु कायसेन'चा दुसरा सीझन चालू असताना तिथले अ‍ॅनिमेटर समाजमाध्यमांवर उघडपणे कामाच्या ताणाबद्दल बोलत होते. त्याच काळात टायटनचा शेवटचा भागही आला. आपण इथे बसून "फ्रेम कमी पडल्या" म्हणतो, तिकडे माणसं कमी पडत होती.

दिवटा
मान्य. त्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

पिंपळपान
शेवटच्या सीझनचं पहिलं दृश्य कुणाला आठवतंय का? तीन सीझन ज्यांच्याबरोबर काढले त्यातला एकही चेहरा नाही. अनोळखी देश, खंदक, तोफा, एका किल्ल्यावर हल्ला चाललाय आणि सैनिकांत चार लहान मुलं. मला वाटलं चुकीचा भाग लावला. मागे जाऊन नाव तपासलं.

हे धाडस मला फार आवडलं. आधी त्या मुलांची ओळख करून देतात. उदो, झोफिया, फाल्को, गाबी. त्यांच्याबरोबर जत्रेत खायला नेतात. आणि मग लिबेरिओच्या चौकात व्हिली टायबरचं भाषण चालू असताना खाली तळघरात एरेन आणि रायनर समोरासमोर. फाल्को मध्ये उभा, त्याला काहीच कळत नाहीये. वर भाषण, खाली कुजबुज, आणि युद्धाची घोषणा झाली त्या क्षणी एरेन टायटन होतो. रायनरला तो म्हणतो की मीही तुझ्यासारखाच आहे. पुढच्याच भागात झोफिया दगडाखाली जाते, उदो चेंगराचेंगरीत. तीन सीझन आपण ज्याच्या बाजूने ओरडत होतो त्याने हे केलं.

तो भाग संपल्यावर शेवट चांगला होणार नाही हे ठरलेलंच होतं, म्हणजे सगळे सुखी होणारा शेवट या अर्थाने.

उंबरठा
इतका वेळ वाचत होते, आता लिहिते, कारण मुद्द्याचं कुणी बोलत नाहीये.

एल्डियन, म्हणजे एरेनच्याच जमातीच्या, शत्रूदेशातल्या लोकांच्या दंडावर पट्ट्या, त्यांना कोंडलेली वस्ती, बाहेर जायला परवाना. ही चित्रं कुठून घेतली आहेत हे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाइतकं उघड आहे. युरोपातल्या ज्यूंवर हे प्रत्यक्ष गुदरलं. आणि इसायामा काय करतो, तर त्या पट्टीवाल्या लोकांच्या रक्तात खरोखरच राक्षस होण्याची ताकद घालतो. म्हणजे कथेतल्या द्वेष्ट्यांच्या भीतीला कथेतच आधार मिळतो. खऱ्या इतिहासात असा कुठलाही आधार नव्हता. हे मला पहिल्यापासून बोचतं आणि शेवटाने ते सुधारलेलं नाही.

त्यावर कळस म्हणजे मांगातले ते आभार. एक माणूस जगातली ८० टक्के माणसं मारतो, आणि कथेतला सगळ्यात समंजस मुलगा त्याला धन्यवाद म्हणतो. लेखकाला तसं म्हणायचं नसेल, पण पानावर तेच छापलंय. त्यामुळे धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, तो एक संवाद बदलल्याने फरक पडतो आणि बराच पडतो. बाकीचा दोष शिल्लक आहे.

रात्रपाळी
@उंबरठा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मालिका आपल्याला त्या वस्तीतल्या मुलांच्या घरात नेऊन बसवते, पट्टीखालची माणसं दाखवते. पण तुम्ही म्हणता तो खड्डा आहेच.

वीरभद्र_९९
फ्लोक (एरेनचा कट्टर पाठीराखा) बरोबर होता. बाकी सगळे भाबडे. जग तुम्हाला मारायला निघालंय तर

वीरभद्र_९९
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कडीपत्ता_०७
फ्लोकचा कार्यकर्ता येऊन गेला वाटतं. आता फक्त महाभारत यायचं राहिलंय.

सोनचाफा
महाभारत मीच आणणार होते, अश्वत्थामा लिहून खोडला. राहू दे.

खडूफळा
वीरभद्र यांनी काढलेल्या प्रतिसादाला उत्तर: नामावली शेवटपर्यंत पाहिलीत का? एरेनने जग चिरडून पॅराडिसला, म्हणजे त्याच्या बेटाला, जो वेळ मिळवून दिला, तो मिळाला. मिकासा म्हातारी होते, मफलरसकट त्याच झाडाखाली पुरली जाते. शहर वाढतं, उंच इमारती येतात. आणि मग विमानं येतात, बाँब पडतात, एरेनचं गाव शिगान्शिना पुन्हा जमीनदोस्त. पुढे कधीतरी एक मुलगा कुत्रा घेऊन त्या झाडापाशी येतो, आणि झाड आता यमिर पडली होती त्या झाडासारखं झालंय. मांगात ही पानं १३९व्या प्रकरणात नव्हती, ३४व्या खंडात वाढवली होती.

म्हणजे फ्लोकही जिंकला नाही, आर्मिनही नाही.

टंकाळा
रच्याकने, गाबीचा इतका द्वेष का करतात लोक? बारा वर्षांची मुलगी. पहिल्या सीझनमधला एरेन आणि ही, एका साच्यातली पोरं. एरेन ओरडला की टाळ्या, ही ओरडली की शिव्या.

पिंपळपान
कारण तिने साशाला मारलं. आणि साशाचा शेवटचा शब्द 'मांस' होता. एवढं केल्यावर प्रेक्षक कुणाचंही ऐकत नाही. माझी बहीण त्या रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यावर "साशाच्या नावाने" म्हणत ताव मारला.

फुकुओकाकर
उशिरा आलो. मी क्यूशूमध्ये राहतो, नोकरीनिमित्त. इसायामा आमच्या शेजारच्या ओइता प्रांतातल्या हितामधल्या ओयामा गावचा. हाकाताहून क्यूदाई मार्गावरच्या गाडीने हिताला जाता येतं. स्टेशनाबाहेर लिवायचा पुतळा आहे. सामान्य माणसाच्या उंचीचा नाही, लिवाय मुळातच बुटका, त्यामुळे शेजारी उभं राहून फोटो काढताना आपण उगाच धिप्पाड दिसतो.

पण खरं बघायचं ते ओयामा धरण. स्टेशनापासून लांब आहे, गाडी लागते. धरणाच्या भिंतीखाली तिघांचे पुतळे आहेत, लहानपणीचे. एरेन, मिकासा आणि आर्मिन मान वर करून भिंतीकडे बघतायत. लोकवर्गणीतून उभारले, नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे शेवटचा सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी. तिथे फोनवर एक अ‍ॅप उघडून धरला की भिंतीवरून महाटायटन डोकावतो. आजूबाजूला आमच्यासारखे चार-पाच जण, सगळ्यांचे फोन वर, आणि एक जपानी आजोबा नातवाला मांडीवर घेऊन शांतपणे डबा खात बसलेले. त्यांना त्या टायटनचं काही सोयरसुतक नव्हतं.

चारी बाजूंना डोंगर आहेत तिथे. या गावात वाढलेल्या मुलाला भिंतीपलीकडे काय आहे असं वाटलं असेल तर नवल नाही. जवळच रस्त्यालगतच्या विश्रांतीस्थळावर त्याच्या कामाचं संग्रहालयही आहे, २०२१ ला उघडलेलं. मूळ रेखाटनं बघायची असतील तर वेळ काढून जा.

कडीपत्ता_०७
आजोबांना माझा दंडवत. धाग्यातला एकमेव सुखी माणूस.

दिवटा
फुकुओकाकर, मस्त लिहिलंय, फोटो टाका ना.

फुकुओकाकर
टाकतो रात्री. सगळ्या फोटोंत बायको "झालं का" अशा चेहऱ्याने उभी आहे, ते कापावं लागेल.

उंबरठा
फुकुओकाकरांमुळे एक आठवलं. शेवटचा भाग आला तेव्हा, २०२३ मध्येच, इसायामाने एका अमेरिकी वृत्तपत्राला मुलाखत दिली होती. त्यात तो म्हणाला की कथेचा शेवट सुरुवातीलाच ठरवला होता आणि पुढे तो बदलता येत नाही असं वाटत राहिलं, तरुणपणी जे ठरवलं त्याने बांधून ठेवलं. एरेनच्या अवस्थेशी त्याने स्वतःच तुलना केली. पुढचं सगळं दिसतंय आणि तरी त्याच वाटेने चालावं लागतंय. त्याआधी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमे संमेलनात शेवटाबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून आले होते.

तो एरेन-आर्मिनचा संवाद अ‍ॅनिमेसाठी त्यानेच नव्याने लिहून दिला. म्हणजे ज्याला वाट बदलता येत नव्हती त्याला एक खोली तरी पुन्हा रंगवता आली. मला राग आहे, पण हे वाचल्यावर त्या माणसाबद्दल राग धरवत नाही.

एरंडाचं_गुऱ्हाळ
माझा राग कथेवर आहे, माणसावर नव्हताच. पण उंबरठाताई, तुम्ही म्हणता तेच माझ्या बाजूचं बोलतंय की! लेखकालाच तो शेवट टोचत होता.

आणि हो, अ‍ॅनिमेतल्या एका गोष्टीला मी गुण देतो. रामझीचा प्रसंग. तो निर्वासित मुलगा, ज्याला एरेन आधी मारापासून वाचवतो आणि मग त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून रडत माफी मागतो. मुलाला भाषा कळत नाही, तो नुसता बघत राहतो. आणि पुढे रंबलिंगमध्ये, म्हणजे महाटायटन जग तुडवत निघतात तेव्हा, रामझी आणि त्याचा भाऊ पैशांची थैली घेऊन पळताना दाखवलेत. मांगात मी ती पानं भराभर उलटली होती. इथे उलटता आली नाहीत. टाचांचा आवाज येत राहतो.

रात्रपाळी
गुऱ्हाळ, म्हणजे थोडं का होईना, पडद्यावर सुधारलं?

एरंडाचं_गुऱ्हाळ
मार्चमधला विशेष भाग, हो. नोव्हेंबरमधला, नाही. हांगे जिथे जाते तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. ती एकटी महाटायटनांच्या रांगेवर तुटून पडते, मागे ते उडतं जहाज सुटतं, आणि डोळे उघडल्यावर एर्विन आणि सगळे जुने सोबती समोर. तिथे मीही... असो.

दिवटा
"असो" मध्ये बरंच काही आलं.

माझं मत विचाराल तर सुधारलं, आणि त्या शिंपल्याने सुधारलं. त्या रक्ताच्या पाण्यात आर्मिन वाकून एक शिंपला उचलतो आणि एरेनला दाखवतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ते पहिल्यांदा समुद्रावर जातात तेव्हा आर्मिनच्या हातात शिंपला असतो आणि एरेन त्याच्याकडे न बघता क्षितिजाकडे बोट दाखवून विचारतो की पलीकडचे सगळे शत्रू मारले तर आपण मोकळे होऊ का. चार वर्षांनी तोच शिंपला पुन्हा समोर येतो आणि आता एरेनला तो बघावा लागतो. मांगात हे नाही. हे एक चित्र घातलं आणि आर्मिनला भाषण देण्याची गरज निम्मी झाली.

सोनचाफा
शिंपला माझ्या लक्षातच आला नव्हता. आज पुन्हा बघते. आईवाला राग कायम.

अर्धवट_पाहिलेला
सर्वांना नमस्कार. मी दुसरा सीझन अर्धा सोडला होता, धाग्याचं शीर्षक वाचूनही आत आलो आणि आता सगळं कळलंय. तरी बघावंसं वाटतंय, हे विचित्र आहे का? आणि शेवटाला नेमकं काय लावायचं? कुणी दोन विशेष भाग म्हणतंय, कुणी सात भाग, कुणी सिनेमा.

खडूफळा
विचित्र अजिबात नाही. आतापर्यंतचं सगळं कळूनही रायनरने भिंतीवर उभं राहून ते गुपित गप्पा मारल्यासारखं सांगितलेलं बघायला मजा येते, आणि तुम्ही नेमके त्याच्या आसपास सोडलंय.

शेवटाचं असं: मार्च आणि नोव्हेंबर २०२३ चे दोन विशेष भाग हेच मूळ प्रसारण. तेच नंतर तुकडे करून सात भागांत दाखवले, ऐवज तोच. सिनेमा म्हणजे 'द लास्ट अटॅक', नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानात लागला, दोन्ही विशेष भाग जोडून १४५ मिनिटांचा. नामावलीनंतर त्यात एक छोटा तुकडा आहे, तिघं आजच्या कपड्यांत चित्रपटगृहातून बाहेर पडतात आणि नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावर बोलतात. म्हणजे आपण इथे करतोय तेच.

टंकाळा
पहिल्यांदा बघणार असाल तर सिनेमा नको, मध्ये चहाला उठता येत नाही. विशेष भाग लावा, जपानी आवाजात, आणि दुसऱ्या सीझनचा सहावा भाग आधी एकट्याने बघा.

अर्धवट_पाहिलेला
एकट्याने का?

टंकाळा
बघा आणि मग इथे येऊन सांगा.